उंबरझिऱ्याचं पान

जळगाव,
६ ऑक्टोबर २०२४

ति. आधारमामा यांस,
शिल्पाचा सविनय जयभीम वि. वि.

पाकीट हाती पडल्यावर तुम्ही आधी टपालाचा शिक्का वाचणार, पत्राला किती दिवस लागले ते बोटांवर मोजणार, एसटीनं अडीच तासांत आलं असतं असं मामींना ऐकवणार आणि मगच आतला मजकूर पाहणार. म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकते, सगळे खुशाल आहेत. तुमचा फोन कपाटात असतो आणि कानाचं यंत्र त्याच्या शेजारी, त्यामुळे पत्राला इलाज नाही. भूगोलाच्या वह्या तपासून माझा हातही नुसता लाल शाईचा झाला आहे, त्याला जरा निळी शाई मिळाली तर बरंच.

आई गेल्या सोमवारी रिटायर झाली. भडगावच्या वसतिगृहातल्या मुली गळ्यात पडून रडल्या. संस्थेनं साडी आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. रिटायर झालेल्या माणसाला घड्याळ कशाला, हे तिला अजून कळलेलं नाही. आता ती आम्हा नवराबायकोकडेच राहणार. दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला उठून तिनं पोहे केले ते एवढे, की प्रशीलनं दोन डबे भरून ऑफिसात नेले. एकतीस वर्षं मोठ्या पातेल्यात स्वयंपाक केलेली बाई, तीन माणसांचा अंदाज एकदम कसा येणार?

मामा, त्या समारंभात वसतिगृहाच्या बाई बोलल्या ते मनातून जात नाही. त्या म्हणाल्या की मंदाबाईंनी दरवर्षी सहलीच्या पुऱ्या तळल्या, मुलींना फाटकापर्यंत पोचवलं आणि एकदाही गाडीत पाय ठेवला नाही. एकतीस सहली! मी मोजून पाहिलं, भडगाव, जळगाव, पाचोरा आणि तुमच्याकडे धुळे, एवढंच तिचं जग. विचारलं की गाडी लागते म्हणते, हल्ली गुडघे म्हणते.

तर मी आणि प्रशीलनं ठरवलंय की तिला आपलाच मुलूख दाखवायचा. लांब कुठे नाही, धुळ्याहून साक्री, पिंपळनेरकडे, दोन-तीन दिवस. प्रशीलच्या मते फोन आहे तर पुस्तक कशाला. पण गेल्या वर्षी याच फोननं आम्हाला भर दुपारी एकाच्या केळीच्या बागेत नेऊन उभं केलं होतं. शेतकरी म्हणाला की या महिन्यातली तुमची चौथी गाडी. तेव्हा मला चांगलं प्रवासाचं पुस्तक हवंय. इथे दुकानात तीन पाहिली, तिन्हींची मुखपृष्ठं देखणी. घ्यायचं कोणतं?

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुमच्या कपाटात वरच्या फळीवर कॅलेंडरचं कव्हर घातलेलं एक जुनं पुस्तक आहे, ज्याला हात लावला म्हणून लहानपणी मी आणि तुमच्या युवराजदादानं बोलणी खाल्ली होती. ते वाचायला मिळेल का?

मामींना जयभीम. लोभ आहे तसाच ठेवा, आणि नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून नाही म्हणा.

तुमची भाची,
शिल्पा


धुळे,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. शिल्पास,
आधारमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला चार दिवस लागले. पुढचं काही बोलत नाही, तू आधीच बोलून ठेवलं आहेस.

मंदाच्या निरोपाला मला यायचं होतं. मामीला ताप होता म्हणून राहिलं. एकतीस वर्षं एकही खाडा न करता नोकरी करणं सोपं नाही. मी सदतीस वर्षं कंडक्टरकी केली, पण माझे खाडे विचारू नकोस.

आता पुस्तकाचं. पुस्तक मुखपृष्ठावरून घेणारा माणूस आणि बोर्ड न वाचता गाडीत चढणारा माणूस, दोघे सारखेच. दोघांना मी पुष्कळदा अर्ध्या वाटेत उतरवलं आहे. दुकानात उभी राहून आधी आपल्या गावाचं पान काढ. भडगावबद्दल काय लिहिलंय ते वाच. जे गाव आपल्याला पाठ आहे तिथेच लेखकाची परीक्षा होते. तिथे तो खरा निघाला, तर न पाहिलेल्या गावाबद्दलही त्याच्यावर विसंबायला हरकत नाही. मग सन बघ. त्यानंतर हे बघ, की तो कशाला नावं ठेवतो का. ज्याला सगळंच रमणीय आणि सगळंच प्रेक्षणीय दिसतं, तो खिडकीतून बघत गेला, खाली उतरलेला नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते अशा लेखकांसाठीच. पाणी कुठे मिळत नाही, चढ कुठे दम काढतो, शेवटची गाडी किती वाजता जाते, हे सांगणारा आपला माणूस.

लळिंगचा किल्ला दाखवा, पण मंदाला अर्ध्यापर्यंतच न्या. बळसाण्याची देवळं दाखवा, दगडावरचं काम बघण्यासारखं आहे. पिंपळनेरला पांझरेच्या काठी बसून डबा खा. तिथून मागे फिरा. पुढे उंबरझिऱ्याला जायची गरज नाही. रस्ता वाईट आहे.

माझं पुस्तक जुनं झालं. सत्याहत्तर सालचं. त्यातले अर्धे रस्ते आता नाहीत आणि अर्धी माणसंही. त्याचा तुला उपयोग नाही.

प्रशीलला सांग, फोन चांगलाच आहे, पण विचारायला रस्त्यावर माणूस असेल तर काच खाली करावी. मामी बरी आहे, आशीर्वाद सांगते. येत जा, लिहीत जा, एवढंच मागणं.

तुझा,
आधारमामा


जळगाव,
२३ ऑक्टोबर २०२४

ति. मामा यांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुमची परीक्षा घेतली आणि एक लेखक सपशेल नापास झाला. दलिचंदशेठचं दुकान तुम्हाला आठवत असेल, पाठ्यपुस्तकांचं. आता नात पलक गल्ला सांभाळते आणि शेठ खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. मी तिन्ही पुस्तकं त्यांच्यापुढे मांडली आणि भडगाव शोधायला लागले. सगळ्यात जाड आणि गुळगुळीत पुस्तकात लिहिलंय की भडगाव तापीच्या काठावर वसलं आहे! मी गिरणेत पोहायला शिकले मामा. गिरणा तापीला मिळते ती कुठे, भडगाव कुठे! शेठना दाखवलं तर ते हसून म्हणाले की ताई, एवढं बारीक बघून लोक घ्यायला लागले तर मला दुकान बंद करावं लागेल; पण पलकला म्हणाले की ते पुस्तक पुढच्या वेळी मागवू नकोस. दुसऱ्यात भडगावच नव्हतं. तिसरं, दिसायला साधं, त्यात गिरणा बरोबर, बाजाराचा वार बरोबर, आणि उन्हाळ्यात नदीत बघण्यासारखं काही उरत नाही हेही स्पष्ट लिहिलेलं. तेच घेतलं.

आता खरं कारण लिहिते. या पुस्तकात उंबरझिरे आहे, अर्धं पान. उंबराच्या मुळातून बारमाही झरा, शेजारी जुनं दगडी देऊळ, राहायला भक्तनिवास, आणि रस्ता तीन वर्षांपूर्वी डांबरी झालाय. रात्री जेवताना मी आईला हौसेनं वाचून दाखवत होते. उंबरझिरे म्हटल्याबरोबर तिचा घास हातातच राहिला. ताट तसंच ठेवून आत गेली. मी मागे गेले तर म्हणाली, “माले कोठेच जानं नही. तुम्ही जा, माले मन्हं घर बरं शे.” तुम्हाला माहीत आहे, आई माझ्याशी एरवी अहिराणी बोलत नाही. आतून काही आलं तरच बोलते.

तुम्ही लिहिता रस्ता वाईट आहे. रस्ता चांगला आहे. तुम्ही माणसाला चुकीचा रस्ता कधी सांगत नाही, हे मला माहीत आहे. मग इथेच का सांगितलात?

दिवाळीच्या सुट्टीतलं जाणं मी पुढे ढकललंय.  आईनं पोहेसुद्धा बरोबर तिघांपुरते केले, यावरून तुम्ही समजा.

आगाऊपणाबद्दल क्षमा, पण उत्तराची वाट बघते.

तुमची,
शिल्पा


धुळे,
५ नोव्हेंबर २०२४

चि. शिल्पास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याला आठ दिवस झाले. रोज लिहायला बसत होतो. आज पूर्ण केल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं आहे. सोबत पुस्तक पाठवतो.

सत्याहत्तर साली मी नोकरीला लागलो. सहा महिन्यांनी फुकट प्रवासाचा पहिला पास मिळाला, आणि त्याच आठवड्यात धुळ्याच्या स्टँडवर हे पुस्तक घेतलं. शाळेची पुस्तकं आणि बाबासाहेबांचे ग्रंथ सोडले तर आपल्या घरात आलेलं हे पहिलं पुस्तक. छापलेलं खोटं असत नाही अशी माझी तेव्हा समजूत होती. दिवाळीच्या सुट्टीत मंदाला म्हटलं, चल, तुला जग दाखवतो. ती अकरा वर्षांची होती. बोट कुठे ठेवलं तर उंबरझिऱ्यावर, कारण त्या पानावर लिहिलं होतं, ‘येथील धर्मशाळेत सर्व प्रवाशांची उत्तम सोय होते.’ ‘सर्व’ या शब्दाखाली मी पेन्सिलीनं रेघ ओढली होती. ती तुला दिसेल.

झऱ्यात पाय सोडून मंदा तासभर बसली. इतकी खूश मी तिला पुन्हा पाहिली नाही. दिवस कलल्यावर धर्मशाळेत गेलो. व्यवस्थापक म्हातारा, बोलायला गोड. त्यानं पाणी दिलं आणि रजिस्टर पुढे केलं. ‘सर्व’ वर माझा एवढा विश्वास होता तर खरं आडनाव लिहायला हवं होतं. माझा हात थांबला, आणि मी डेपोतल्या एका ड्रायव्हरचं आडनाव लिहिलं. माझ्या नावापुढे आणि मंदाच्या नावापुढेही.

आपल्या आबांना तू पाहिलं नाहीस. झिपरूआबा, आमचे वडील. त्यांच्या बापाला गावात जोहार घालावा लागे, वाकून, लांबून. म्हणून दीक्षेनंतर आबांनी घरात एक शिस्त लावली होती. वडीलधारं माणूस समोर आलं की हात जोडायचे, मान ताठ ठेवायची आणि मोठ्यानं जयभीम म्हणायचं. पुटपुटलं तर पुन्हा म्हणायला लावत. त्या म्हाताऱ्यानं मंदाला प्रेमानं नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं. पोरगीनं हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, जयभीम आबा. लेकरू ते, तिला घरी जे शिकवलं तेच तिनं केलं. तिला काय माहीत मी काय लिहून बसलोय.

म्हाताऱ्यानं रजिस्टर वाचलं, मग माझं तोंड वाचलं. ओरडला नाही. लग्नाचं वऱ्हाड येणार आहे, खोल्या रिकाम्या नाहीत, एवढंच म्हणाला. आम्ही प्यायलेला लोटा त्यानं आमच्यादेखत राख लावून घासायला ठेवला. शेवटची गाडी गेलेली. गाड्यांच्या वेळा मला तोंडपाठ, त्यामुळे आशा ठेवायलाही जागा नव्हती. वाटेत निंबाखाली मी मंदाच्या थोबाडीत मारली. तोंड आवरता येत नाही का, असं म्हणालो. ती रडली नाही. गालाला हातही लावला नाही. “भाऊ, माले घर जानं शे,” एवढंच म्हणाली. पाड्यावरच्या एका बाईनं आम्हाला अंगणात झोपू दिलं, नागलीची भाकर दिली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

पुढे सदतीस वर्षं ड्यूटीवर जाताना हे पुस्तक माझ्या पेटीत असायचं. जिथे जिथे ड्यूटी लागली तिथलं पान काढून समासात खरं काय ते लिहीत गेलो. उंबरझिऱ्याच्या पानावर काही लिहिलं नाही. धर्मशाळेनं काय केलं ते लिहिलं असतं, तर मी काय केलं तेही लिहावं लागलं असतं. म्हाताऱ्याला मी कधीच विसरलो. तो तर मेलाही असेल. माझा हात मात्र विसरता येत नाही. गाडी लागते असं मंदा पहिल्यांदा म्हणाली ते त्यानंतर. तिचा प्रवास मी बंद केला, शिल्पा. यावर आम्ही दोघं एक शब्द आजवर बोललेलो नाही.

हे पत्र मंदाला दाखवू नकोस. पुस्तक दाखवायचं की नाही ते तू ठरव, शिकलेली आहेस.

माया कमी करू नका, एवढंच.

आधारमामा


जळगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

ति. मामा यांस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचून मी शाळेत तास न घेता बसून राहिले. तुमच्यावर रागावू की तुमच्यासाठी रडू हे समजेना, म्हणून दोन्ही केलं. एकवीस वर्षांचं पोर म्हणजे आज माझ्या डोळ्यांपुढे कॉलेजात जाणारं पोर. पण अकरा वर्षांची मुलगी म्हणजे माझ्या सहावीच्या वर्गातली मुलगी. दोघांची बाजू एकाच वेळी घेता येत नाही हो.

पत्र मी दाखवलं नाही, कपाटात ठेवलंय. पुस्तक मात्र आईच्या खाटेवर ठेवून दिलं.

त्याआधी मी अधाशासारखं वाचलं. केवढं लिहून ठेवलंय तुम्ही! छापलंय, ‘चढण सोपी आहे.’ समासात तुम्ही, ‘लेखक वर गेलेला नाही.’ छापलंय, ‘येथील पेढे प्रसिद्ध आहेत.’ तुम्ही, ‘होते. आता पोरगा करतो, साखर फार.’ पिंपळनेरच्या पानावर, ‘स्टँडमागे पुनाभाऊची शेवभाजी, पण आधी तिखट किती ते विचारावं.’ मला हसू आवरेना. मग धर्मशाळांच्या, हॉटेलांच्या ओळींपुढच्या बारीक नोंदी दिसायला लागल्या. ‘आपली सोय: नाही, १९७९.’ ‘आपली सोय: ओसरीवर, १९८४.’ आणि एका ठिकाणी, ‘आपली सोय: आहे, १९९१, माणूस बदलला.’ मामा, मी नवीन पुस्तक निवडताना नदी तपासली, बाजाराचा वार तपासला. हे तपासायचं मला सुचलंच नाही. न सुचण्याइतकं मला सुख मिळालं, ते कोणामुळे, हे त्या समासात वाचलं.

आई चष्मा लावून, ओठ हलवत, सहा दिवस वाचत होती. उंबरझिऱ्याच्या पानावर पुष्कळ वेळ थांबलेली मी स्वयंपाकघरातून पाहिली. काल पुस्तक घेऊन आली आणि प्रशीलला सुट्टी कधी म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुठे कुठे जायचं? तर म्हणाली, “बाकी बठ्ठं तुम्ही ठरावा. माले उंबरझिरे पाहानं शे.”

एकवीस डिसेंबर, शनिवार ठरलाय. सकाळी नऊला धुळ्यात तुमच्या दारात गाडी उभी राहील. मामा, तुम्ही यायचं. नाही म्हणू नका.

वाट बघत,
शिल्पा


धुळे,
५ डिसेंबर २०२४

चि. शिल्पास,
अनेक आशीर्वाद.

मंदा जाते म्हणाली हे वाचून मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. इतक्या मोठ्यानं, की शेजारचे आले.

मी येणार नाही. मला बघितलं की तिला निंबाचं झाड दिसेल. तिचा पहिला प्रवास मी बिघडवला, दुसरा तरी मला मोडायचा नाही. गाडी दारात आणू नका, माझा धीर सुटेल. बायपासनं सरळ साक्री रस्त्याला लागा. तिला पुढच्या बाजूला खिडकीशी बसवा आणि हातात लिंबू द्या.

झऱ्याची वाट देवळाच्या डाव्या अंगानं आहे. तेव्हा तरी होती.

सुखरूप पोचल्याचं दोन ओळी लिहिलंत तरी पुरे.

आधारमामा


जळगाव,
२६ डिसेंबर २०२४

ति. भाऊ यांस,
मंदाचा जयभीम.

तुला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. सातवी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढू नकोस.

आम्ही सुखरूप जाऊन आलो. तू सांगितल्याप्रमाणे बायपासनं गेलो. तुझ्या घराकडचा फाटा आला तेव्हा प्रशीलनं गाडी हळू केली, पण मीच म्हटलं, राहू दे, भाऊला जड जाईल. पुढे शिल्पा नवं पुस्तक घेऊन बसली आणि मागे मी तुझं. ती रस्ता सांगायची आणि मी माणसं सांगायची. लळिंगची चढण सोपी नाही, तू बरोबर लिहिलंयस. पुनाभाऊ गेले, पण सून तीच भाजी करते. तिखट किती ते मी आधी विचारलं, प्रशीलनं विचारलं नाही. त्याचे डोळे पिंपळनेर सुटेपर्यंत वाहत होते. लिंबू हातात धरून बसले होते ते लागलंच नाही. शेवटी शेवभाजीवर पिळलं.

उंबरझिरे तसंच आहे. उंबर जाड झालाय. वाट डाव्या अंगानंच आहे. पाण्यात पाय सोडून बसले तर शिल्पा आणि प्रशील लांब जाऊन उभे राहिले, मला एकटीला बसू द्यावं म्हणून. शहाणी आहेत दोघं. पाड्यावर त्या बाईची चौकशी केली. नाव माहीत नाही तर कोण सांगणार? अंगणं पुष्कळ होती. मी सगळ्यांनाच हात जोडले.

आता तुला सांगायचं ते सांगते. शिल्पाला लिहिलेलं तुझं पत्र मी वाचलं. तिनं दिलं नाही, मी साड्या लावताना सापडलं आणि मी वाचलं. तिला रागावू नकोस.

भाऊ, तू सगळं खरं लिहिलंस, पण एक गोष्ट तुला माहीतच नाही. मी तेव्हा सहावीत होते. पाटी दिसली की वाचायची, दुकानाची, गाडीची, औषधाच्या बाटलीवरची. तूच मला चिडवायचास. तू रजिस्टर लिहीत होतास तेव्हा मी टेबलाला हनुवटी टेकून उभी होते. माझं नाव तू लिहिलंस आणि पुढे दुसऱ्याचंच आडनाव. मला वाटलं तू चुकलास. मग तुझं वाचलं, तिथेही तेच. तेव्हा कळलं की चुकला नाहीस.  आबा आपले नाहीतच असं कोणीतरी लिहून घेतलंय, असं वाटलं. तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं नाव विचारलं. मी मुद्दाम म्हटलं, भाऊ. लेकरू होते पण न कळून म्हटलं नाही. आबांनी शिकवलं तसं मोठ्यानं, तुला ऐकू जावं म्हणून.

तू मारलंस ते मला वाटलं, मी मुद्दाम म्हटलं हे तुला कळलंय म्हणून मारलंस. माझ्या हट्टापायी तुझा अपमान झाला, तू रस्त्यावर आलास, तुझं हौसेनं घेतलेलं पुस्तक खोटं पडलं. गाल दुखला तो दोन दिवस. पण रात्रभर तू अंगणात बसून होतास, ते मी झोपेचं सोंग घेऊन पाहत होते, ते दुखणं गेलं नाही. मला वाटायचं, मी घराबाहेर पडले की माझं तोंड आपल्याच माणसाला खाली बघायला लावणार. म्हणून गेले नाही. गाडी मला कधीच लागत नव्हती. गुडघेही बरे आहेत. आणि तू समजत होतास तूच माझा प्रवास बंद केलास! दोघं मिळून केवढी वर्षं घालवली आपण.

धर्मशाळेला आता भक्तनिवास म्हणतात, फरशी बसवली आहे. टेबलाशी ज्योती नावाची पोरगी होती. रजिस्टर मात्र रजिस्टरच आहे. तिनं ते शिल्पापुढे सरकवलं, शिकलेली दिसली म्हणून. मी म्हटलं, मी लिहिणार. माझं नाव लिहिलं, आबांचं लिहिलं, आपलं आडनाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग हात जोडले आणि मोठ्यानं जयभीम म्हटलं.  त्या पोरीनं मान वर करून नमस्कार आजी म्हटलं, तुझ्या नावाचं ते आधार कार्ड मागितलं आणि चार नंबरची किल्ली दिली. बस, एवढंच. मी किल्ली हातात घेऊन तिथेच उभी. तिला वाटलं मला खोली सापडत नाही, म्हणून उठून दारापर्यंत सोडायला आली.

पुस्तकातलं ते पान मी लिहून टाकलं. तू ‘सर्व’खाली रेघ ओढली आहेस, तिच्या पुढे. मी लिहिलंय, ‘सोय होते. नाव खरं लिहावं. गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. मंदा, २१ डिसेंबर २०२४.’

पुस्तक मी परत पाठवत नाही. ते आता माझ्याकडे राहील. शेवटी शेवटी सातपुड्याची पानं आहेत, तिथे तुझी पेन्सिल कुठेच दिसत नाही. होळीनंतर जायचं म्हणते. खिडकीची जागा मी घेणार, तू मागे बस. तोवर कानाचं यंत्र कपाटातून काढ, वाटेत मला पुष्कळ बोलायचं आहे.

वहिनीस जयभीम. राग नव्हताच, तेव्हा सोडायचाही प्रश्न नाही.

तुझी बहीण,
मंदा